ओकचा बाक उतरवताना

लकव्याचा झटका येऊन गेल्यापासून रामप्रसादच्या तोंडून एकच शब्द निघे, ‘बास’. भूक लागली तरी बास, लघवीला जायचं असलं तरी बास. घरचे आपले अंदाजानं अर्थ लावत.

मस्तगडातलं दुकानावरचं घर सोडून सगळे नव्या फ्लॅटवर निघाले होते. बाकी सामान टेंपोत चढलं, अडला तो ओकच्या लाकडाचा बाक. उंच पाठीवर द्राक्षांचे वेल कोरलेले, हातांच्या टोकांना सिंहांची तोंडं. छावणीतल्या कुण्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा रामप्रसादच्या वडिलांनी तो हौसेनं घेतला होता. हमालांनी बाक आडवा केला, उभा केला, पण जिन्याच्या वळणावर तो काही केल्या फिरेना. शेवटी त्यांनी तो परत वर खोलीत आणून ठेवला.

मुलानं, कल्याणनं, सुतार बोलावला. सुतार म्हणाला, मधोमध कापावा लागेल, तिकडं गेल्यावर जोडून देतो.

रामप्रसाद खुर्चीत बसून ऐकत होते. बाक वर आला तेव्हा ते लहान होते. बैठकीखाली लाकडी खुंट्या होत्या. वडिलांनी त्या ठोकून काढल्या, पाठ, हात, बैठक सगळं सुटं केलं आणि वर आणून पुन्हा जोडलं. पुढं पॉलिशचे थर चढत गेले आणि खुंट्या लाकडात मिसळून गेल्या. एवढंच तर सांगायचं होतं.

“बास,” ते म्हणाले. कल्याणनं पाणी आणलं. त्यांनी डाव्या हातानं पेला लोटला आणि बैठकीखाली बोट दाखवलं. सून तृप्ती वाकली. तिला कोळ्याचं जाळं दिसलं, ते तिनं पुसून काढलं.

रामप्रसाद उठायला गेले नि कलंडले. कल्याणनं त्यांना उचलून आतल्या खोलीत गादीवर निजवलं.

“बाबा, मला बी वाईट वाटून राह्यलं. पर न्हाई निघत तो. मंग काय करू, सांगा.”

सांगायचंच तर होतं. रामप्रसाद त्याची बाही धरून ओरडत राहिले. कल्याणनं हळूच बाही सोडवून घेतली. बाहेर करवत सुरू झाली. ओक चिवट, बराच वेळ लागला.

मग कल्याण आला आणि गादीशी खाली बसला. त्याच्या केसांत भुसा होता, डोळे लाल. आजोबांची एवढी एक वस्तू सांभाळता आली न्हाई, म्हणाला आणि रडायला लागला.

तुझी चूक नाही, एवढंही रामप्रसादना म्हणता येईना. ते डाव्या हातानं त्याच्या केसांतला भुसा काढत राहिले.