एका नामांकित कंपनीचा फोन

फारूकनं खिशातून टेप काढली, उपसंपादक धरणेंद्रांच्या टेबलावर त्यांच्याच पेपरचे दोन अंक शेजारी शेजारी पसरले आणि मोजायला सुरुवात केली.

"ही मलकापूरची बातमी. एकवीस सेंटिमीटर. वर फोटू. मथळ्यातच नाव, 'टॅव्हिक फोनचा स्फोट'. आन् झालंय काय? नुसता धूर निघालाय. फोनचा मालक तर फोटूत हसाय लागलाय."

टेप दुसऱ्या अंकावर सरकली.

"आन् ही आमची औंधची. चार सेंटिमीटर. श्रद्धांजलीच्या खाली. 'एका नामांकित कंपनीच्या फोनचा'... आवं सायेब, एवढी नामांकित हाय, तर नाव का टाकत न्हाई?"

धरणेंद्र चष्मा पुसत राहिले. सांगलीच्या त्या दैनिकात त्यांची बावीस वर्षं गेली होती. ओरडणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, टेप घेऊन आलेला हा पहिलाच.

कोरेगावच्या स्टँडसमोर फारूक मोबाईल दुरुस्त करायचा. बॅटरीचा नुसता वास घेऊन तो कंपनी ओळखतो अशी ख्याती होती आणि ती त्यानंच पसरवली होती. एकदा एका फोनातून जिवंत मुंगळा निघाला आणि निघताना 'राँग नंबर' म्हणाला, हे तो अजूनही शपथेवर सांगायचा. त्याच्या काउंटरवर फोन घेऊन येणाऱ्यांपेक्षा नुसतं ऐकायला येणारेच जास्त.

आज मात्र त्याला गोष्ट सांगायची नव्हती. औंधला दिलेली त्याची थोरली बहीण, अख्तरबी, हिचा ओलुंबा कंपनीचा फोन खिडकीत ठेवल्या जागी फुगला आणि पेटला. उचलायला गेली तर दोन बोटं भाजली. बोटं बरी होतील. पण पेपरात आलं, 'वृद्धेने फोन चुलीजवळ चार्जिंगला लावल्याने'. त्या सकाळपासून सून झोयानं सासूला चुलीपाशी येऊ दिलं नव्हतं. निम्म्या औंधच्या लग्नांतल्या देगी जिच्या शब्दावर उतरायच्या, ती बाई आठ दिवस ओट्यावर मांडीत हात घेऊन बसली होती. भावाला तिनं एवढंच सांगितलं होतं, "फोन खिडकीत हुता म्हून छापायला सांग. बाकी काय नको मला."

चहा आला. कपावर ओलुंबाचं नाव. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ओलुंबा, आणि टेबलाच्या काचेखाली गुरुवारचं सदर: 'ओलुंबाचा कॅमेरा, जणू तिसरा डोळा'. फारूकनं एक घोट घेतला. गळक्या बॅटरीला जीभ लागावी तशी चव आली. त्यानं कप लांब सारला.

"जाहिरात आणि बातमी, दोन्ही खाती वेगळी आहेत आमच्याकडं," धरणेंद्र म्हणाले.

"व्हय की. एका ताटात जेवणारी."

"तुम्ही टॅव्हिकची एजन्सी घेतलीय का?"

"म्या कुणाचाच न्हाई. माझ्याकडं दोन्हींचे फोन फुटकेच येत्यात." फारूक पुढं वाकला. "मला नुसतं येवढं सांगा, ही चूल कुठनं आली? त्या घरात चार्जिंगची पिन खिडकीत, चूल परसात. मधी आख्खं घर. कंपनीनं लिहून दिलं व्हय?"

"कंपनीनं नाही. आमचा साताऱ्याचा वार्ताहर आहे, धैर्यशील. त्यानं एका जाणकाराला विचारूनच लिहिलंय." धरणेंद्रांना आता खरंच राग आला होता. "थांबा, रेकॉर्डिंग आहे त्याचं. ऐका तुमच्या कानांनी."

त्यांनी फोनवर बोट ठेवलं.

"आवं, म्हाताऱ्या लय हुशार!" आवाज खणखणीत होता. "चुलीच्या उबंला फोन ठेवला की चार्जिंग लवकर हुतंय म्हनं. भाकरीसंगं फोन बी शेकून काडत्यात. मग फुटंल न्हाई तर काय व्हईल, ओवी म्हनंल?"

त्यामागून हसणं. एकाचं नव्हे, चार-पाच जणांचं.

फारूकला आधी ते हसणं ओळखू आलं. दुपारची वेळ, काउंटरवर मंडळी जमलेली, आणि साताऱ्याहून कुणीतरी फोनवर विचारत होतं, औंधकडं एका बाईचा फोन फुटलाय, कशामुळं फुटतात हो? मंडळी ऐकत होती म्हणून त्यानं जरा तिखटमीठ लावलं होतं. ती बाई कोण, हे संध्याकाळी कळलं. दवाखान्याच्या धावपळीत तो फोन डोक्यातून पार पुसला गेला होता.

धरणेंद्रांनी रेकॉर्डिंग थांबवलं. समोरच्या माणसाकडं पाहिलं, मग फोनकडं. आवाज त्यांनाही कळला होता. त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली.

फारूकनं पाणी घेतलं नाही. मनगटानं ओठ पुसले. पुन्हा पुसले. काहीतरी चिकटलं होतं, ते निघत नव्हतं.

"खुलासा छापता येईल," धरणेंद्र हळू आवाजात म्हणाले. "पण जाणकार चुकला असं लिहायचं, तर जाणकाराचं नाव लागेल. नाहीतर कोण विश्वास ठेवणार? आणि तुमचं तर दुकान आहे. बघा, विचार करा."

"कागद द्या."

त्यानं उभ्यानंच लिहिलं. फोन खिडकीत होता, चुलीचा काही संबंध नाही. बाईंची चूक नाही, दोष ओलुंबाच्या बॅटरीचा. चुलीची गोष्ट मी, फारूक, कोरेगाव, ह्यानं न बघता, न विचारता, हसण्यावारी सांगितली. ती खोटी होती. अख्तरबी माझी सख्खी बहीण.

धरणेंद्रांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा हात एका शब्दापाशी अडला.

"हे कंपनीचं नाव तेवढं काढावं लागेल. वरून परवानगी मिळायची नाही."

"आन् माझं?"

धरणेंद्रांनी मान वर केली नाही.

"तुमचं चालतं."

"मग दुकानाच्या पत्त्यासकट टाका," फारूक म्हणाला.