सनस्क्रीनचं वाण

आमच्या घरात संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे माझा मान. वाण काय लुटायचं ते मीच ठरवायची. आमच्या धनज गावातल्या अर्ध्या घरांत आजही मी लुटलेल्या गाळण्यांनी चहा गाळतात. पण यंदा धाकट्या जावेची, निकिताची, पहिली संक्रांत होती. "यंदा निकिताच्या मनानं होऊ दे," सासूबाईंनी जाहीर करून टाकलं. माझ्या मनाचं कुणी विचारलं नाही.

निकिता आल्यापासून असंच चाललंय. भाजीत तिखट किती घालायचं तेही तिला विचारून. निकिता अकोल्याची, गोरीपान, हसली की गालाला खळी पडते. मी काळीसावळी, आणि हसायला मला कारण लागतं. मी तिच्यावर जळते, त्यात लपवायचं काय?

वाण आणायला दोघी एसटीनं कारंज्याला गेलो. विनोदभाऊंच्या जनरल स्टोअर्समध्ये निकितानं क्रीमच्या लहान ट्यूबा काउंटरभर मांडायला लावल्या. वाण म्हणून क्रीम! मी तोंड वाकडं केलं, पण बाईसाहेबांचं लक्ष कुठं होतं?

"ही बीबी, डाग झाकते," विनोदभाऊ सांगत होते. "ही सीसी, चेहऱ्याचा रंग एकसारखा करते. अन् हे रंगवालं सनस्क्रीन. उन्हापासून जपते, वरून थोडा मेकअप केल्यासारखंबी वाटते."

"मंग हेच द्या," निकिता म्हणाली. "आपल्या बाया दिवसभर कापूस वेचतात. उन्हाचंच पाह्यजे त्याईले."

एवढं मला का सुचलं नाही, याचाही मला रागच आला.

आता रंग ठरवायचा होता. तिनं माझा हात ओढला आणि मनगटावर तीन रेघा ओढल्या. गडद रेघ माझ्या कातडीत कुठल्या कुठे जिरून गेली. मधली थोडी दिसत होती. पहिली मात्र चुन्याचं बोट ओढल्यासारखी पांढरीफट्ट. आणि तोच रंग निकितानं आधी स्वतःच्या हातावर लावून पाहिला होता, तिच्या हातावर तो दिसतसुद्धा नव्हता.

"ताई, कोणता बसते तुमाले?"

विनोदभाऊ बघत होते. त्यांच्यासमोर त्या गडद रेघेवर बोट ठेवायला माझं मन धजेना. "हा," मी म्हटलं. पहिला.

"जरासा पांढरा नाई वाटत?"

"माया रंग तुले जास्त मालूम हाये का मले?"

तिनं ट्यूबचं टोपण लावलं. मग विनोदभाऊंना म्हणाली, "याच रंगाच्या सगळ्या द्या. गावातल्या बाया ताईसारख्याच हायेत, त्याईलेबी बसंन."

तेव्हा मला बोलता आलं असतं. मी पर्समध्ये तिकिटासाठी सुटे पैसे शोधत बसले. होऊ दे फजिती, म्हटलं. एकदा तरी गावासमोर तिचं तोंड उतरू दे.

हळदीकुंकवाच्या दिवशी निकिता काळ्या साडीत, हलव्याचे दागिने घालून बसली होती. बाया तिच्याकडे बघून थकत नव्हत्या. मी कुंकवाचा करंडा धरून फिरत होते आणि वाट बघत होते.

शेजारच्या रुपाबाईंना दम कुठला! वाण हातात पडताच त्यांनी ट्यूब उघडली आणि तोंडाला चोळली.

"माय वं!" सोनीबाई ओरडल्या. "गिरणीतून दळण घेऊन आली का वं?"

हसण्याचा नुसता कल्ला झाला. दोघीतिघींनी लावून बघितलं, त्याही राखेत लोळल्यासारख्या दिसायला लागल्या. सगळ्या निकिताकडे वळल्या. मला अगदी गार वाटलं. आता ही माझं नाव घेणार, आणि मी म्हणणार, मले काय मालूम, वाण तं तिच्या मनाचं हाये.

"मायीच चूक झाली," निकिता म्हणाली. "मले रंगच समजला नाई." आणि तिनं अख्खी ट्यूब पिळून स्वतःच्या तोंडाला थापली, पार पांढरी होईपर्यंत. "घ्या, आता मलेबी हसा!"

बाया पोट धरून हसल्या. रुपाबाईंनी तिच्यावरून कडाकडा बोटं मोडली. "लय गुणाची सून भेटली वं तुले, पंचफुला!" सासूबाईंचा चेहरा फुलून आला.

फजिती झाली, तीही तिनंच खाल्ली, आणि कौतुकही तिचंच! माझं डोकं फिरलं.

"तो रंग मी सांगतला होता!" मी ओरडले. "तिले काहून म्हणता गुणाची? पांढरा दिसते हे मले तिथंच समजलं होतं. मी मुद्दाम बोलली नाई!"

सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता चारचौघींत माझा उद्धार होणार. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी.

"पाह्यलं का वं?" त्या बायांना म्हणाल्या. "लहानीले हसून राह्यल्या तं मोठीनं सारं आपल्या अंगावर घेतलं. अशी जाऊ भेटाले नशीब लागते."

"आत्याबाई, मी खरंच..."

"चूप बैस." त्यांनी मला ओढून आपल्या शेजारी बसवलं, तिळगूळ भरवला. बाया माना डोलवत होत्या. निकिता आल्यापासून मला जे हवं होतं ते सगळं माझ्या पदरात पडलं होतं.

मी खरं बोलले हे तिथं एकट्या निकितालाच माहीत होतं. पांढऱ्या तोंडानं ती माझ्याकडे बघत होती. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश होता. ती बोलली नाही. पुढं झाली, मला कुंकू लावलं आणि वाकून माझ्या पाया पडली. डोक्यावर हात ठेवताना माझ्या मनात आशीर्वाद आला नाही. एवढं गप्प बसणं मला कधी जमलं नसतं, म्हणून मी तिच्यावर आणखीच जळले.