मालकाचा डबा

मिरजोळ्याच्या शाखेत आमच्या हॉटेलांचा पन्नासावा वाढदिवस होता. माझा नवरा सलिल माइक धरून इतिहास सांगत सुटला होता. त्याच्या वडिलांनी, म्हणजे मामंजींनी, संगमेश्वरला काढलेलं पहिलं हॉटेल, मग रत्नागिरी, मग हे. "आमचा नियम एकच! गिऱ्हाईक जेवतं तेच मालक जेवतो!"

टाळ्या पडल्या. बोलायला काय जातंय? मला मात्र मान वर करवेना.

नियम मामंजींचा. ते अजूनही ताट घेऊन गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे राहतात. सलिलला इथल्या आमटीने पित्त होतं, म्हणून त्याचा डबा मी घरून देते. तो गल्ल्याखाली लपव, हेही मीच सांगितलेलं.

भाषण संपलं. मामंजी ताट घ्यायला उठले आणि गल्ल्यापाशी थबकले. वाकून त्यांनी डबा काढला, उघडला आणि वाढपाच्या टेबलावर आमटी नि उसळीच्या मध्ये ठेवला.

"या," ते रांगेतल्या लोकांना म्हणाले, "आज मालकाच्या घरचंही आहे."

पहिल्या माणसाने डब्यात डोकावलं, आमटीकडे पाहिलं आणि ताट माझ्या डब्यापुढे धरलं.