दर तासाचा निरोप

कल्पना करा हं, तुम्ही अशा जागी उभे आहात जिथे चहूकडे नुसता बर्फ आणि कडे. हाक मारली तर ऐकायला चिटपाखरू नाही. मोबाइलचा टॉवर पार खाली दरीत राहिला. पण डोक्यावर, खूप उंचावर, उपग्रह फिरताहेत. एक डोंगराआड गेला की दुसरा वर येतो आणि तुमचं बोलणं त्याच्या हातातून अलगद आपल्या हातात घेतो. म्हणून ते तुटत नाही. आपल्याकडे फक्त जाड अँटेनाचा उपग्रह फोन हवा, आणि वर मोकळं आभाळ.

भिंगरीचे बाबा तशाच जागी गेले होते. कड्यावरची हवामानाची यंत्रं दुरुस्त करणं हे त्यांचं काम. आई खाली भूकेंद्रात कामाला होती. उपग्रहांकडून येणारं सगळं जिथे जमिनीवर उतरतं, ती जागा म्हणजे भूकेंद्र. आवारातल्या मोठ्या पांढऱ्या तबकड्या दिवसभर आभाळाकडे तोंड करून हळूहळू वळत राहत. शाळा सुटली की भिंगरी तिथेच येऊन बसे.

त्या दुपारी घड्याळाचा मोठा काटा बारावर आला आणि आईसमोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : ‘मी मजेत आहे. काळजी नको.’

“बघ, आला निरोप,” आई म्हणाली. “या खेपेला सुधारलेत हं तुझे बाबा. तासाच्या तासाला!”

भिंगरी हसली नाही. “बाबा आणि वेळेवर? मला न्यायला येतात तेव्हा शिपाई फाटकाला कुलूप लावत असतो.”

शेजारच्या खुर्चीत आईचे सहकारी बसत. त्यांना सगळे अँटेनाकाका म्हणत. ते खो खो हसले. “सुधारतात कसले! निघताना मला म्हणाले, हिची कटकट चुकव बाबा कशीतरी. मग मीच फोन तसा लावून दिला. दर तासाला आपला आपण निरोप पाठवतो. जहाजवाले करतात तसं. रागावू नका हं, ताई.”

आईचा हात माउसवरच थांबला. “म्हणजे हे त्यांनी पाठवलेलं नाही?”

“नाही, पण फोन चालू आहे, म्हणजे...” काकांनी पडद्यावर नकाशा उघडला.

भिंगरीने नकाशा मोठा केला. फोन कुठे आहे ते दाखवणारा हिरवा ठिपका कड्याच्या खाली होता, एका घळीत, आणि बाजूच्या नोंदींप्रमाणे सकाळपासून तो हललाच नव्हता. “काका, यंत्रं तर वर आहेत ना? मग हा सकाळपासून इथे का?”

आईने बाबांना फोन लावला. रिंग जात होती. एक उपग्रह मावळला, दुसऱ्याने तीच रिंग पुढे चालवली, मग तिसऱ्याने. जाळं कुठे म्हणून उसवलं नाही. फोन मात्र कुणी उचलला नाही. आई पुन्हा पुन्हा लावत राहिली. खिडकीबाहेर तबकड्यांच्या सावल्या लांब होत चालल्या.

मोठा काटा पुन्हा बारावर आला. ‘मी मजेत आहे. काळजी नको.’

आईने झटकन तोंड फिरवलं, जणू पडद्यातून कुणी बघत होतं.

“बचाव पथकाला सांग,” भिंगरी म्हणाली.

“काय सांगू, बाळा?” आई म्हणाली. “संकटाचा संदेश आल्याशिवाय ते हेलिकॉप्टर काढत नाहीत. आणि आपल्यासमोर तर ‘मजेत आहे’ म्हणून...”

“अंधार पडला की उडताच येणार नाही त्यांना,” काका पुटपुटले. बचाव पथकाला थेट लागणाऱ्या लाल फोनकडे त्यांचा हात गेला आणि मागे आला. निरोप आपणच लावून दिला, हे आता कबूल करावं लागलं असतं ना!

भिंगरी आईच्या खुर्चीच्या हातावर चढली. भिंतीवरच्या त्या लाल फोनचा रिसीव्हर तिने काढला. पलीकडून कुणीतरी दमदार आवाजात म्हणालं, “बचाव पथक. बोला.”

“माझे बाबा घळीत पडलेत,” ती म्हणाली. “त्यांचा फोन म्हणतोय ते मजेत आहेत. त्याचं ऐकू नका. मी सांगते ते लिहून घ्या.”

आणि ठिपक्याखालचे अक्षांश-रेखांशाचे आकडे ती एकेक करून, मोठ्याने, सावकाश वाचू लागली.