सोमवारचा पायगुण

आठ वाजले तरी आमच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रुग्णांपेक्षा बघ्यांचीच गर्दी. अहवाल सांभाळणारा आमचा सर्व्हर, ती काळी पेटी, सुरू व्हायला नऊ मिनिटं घ्यायची. दुरुस्तीवाल्यानं (सगळे त्याला महाराज म्हणतात) कीबोर्डवर थोडी टकटक केली, पेटीला तांब्याची पट्टी चिकटवली, डोळे मिटून तो काहीतरी पुटपुटला आणि पेटी पन्नास सेकंदांत जागी झाली. आमचे डॉक्टर, एवढे शिकलेले, हात जोडून उभे. वीस वर्षं लोकांचं रक्त काढतोय मी, त्या दिवशी माझंच उसळलं.

"यंत्रात जीव असतो. मी तो मोकळा केला," महाराज म्हणाले.

"आणि बिघडलं तर?" मी विचारलं.

"तर कुणाचा तरी पायगुण वाईट."

पुढचे तीन सोमवार पेटी झटकन उठली, पण एकही अहवाल उघडेना; बाकीचे दिवस सगळं ठीक. सोमवारी लॅबचं कुलूप उघडून पेटी सुरू करायची पाळी काउंटरवरच्या ताईची. महाराजांनी तिच्याकडे बोट दाखवलं आणि डॉक्टर म्हणाले, "ताई, एक तारखेपासून दुसरीकडे बघा." घरात कमावणारी ती एकटी. मला फार वाईट वाटलं, तरी तोंड उघडलं नाही याची आजही लाज वाटते.

ताई रडत बसली नाही. पेटीसोबत आलेली पुस्तिका आम्ही कुणी उघडलीच नव्हती, ती तिनं आठवडाभर वाचली. शनिवारी मला साक्षीला उभं करून तिनं पट्टी काढली. पेटी पन्नास सेकंदांतच उठली, अहवालही उघडले. पट्टी तिनं परत चिकटवली.

"डॉक्टर, सोमवारी कुलूप तुम्ही उघडा. मी दहाला येते."

सोमवारी डॉक्टर उजवा पाय पुढे टाकून आत शिरले. पेटी उठली, अहवाल गायब. लगेच महाराजांना बोलावलं.

"आता पायगुण कुणाचा, महाराज?" ताईनं येताच विचारलं.

महाराजांना एकदम खोकला लागला. ताईनं संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

"आधी पेटी आपली कामं एकामागून एक उरकायची. कामांचा क्रम ठरवणारी ही फाइल बघा, पट्टी लावली त्याच दिवशी बदललीय. एका ओळीमुळे सगळी कामं आता एकदम सुरू होतात, म्हणून हा वेग. पण सोमवारी अहवाल ठेवलेली डिस्क आधी स्वतःची तपासणी करते. अहवालांचा प्रोग्रॅम तिच्यासाठी थांबतच नाही. कुलूपबंद कपाटासमोर उभं राहून कागद नाहीत म्हणतो."

तिनं आणखी एक ओळ लिहिली: डिस्क उघडेपर्यंत अहवालांनी थांबावं, बाकीच्यांनी खुशाल एकदम धावावं.

पुढच्या सोमवारी कुलूप ताईनंच उघडलं. तीन मिनिटं जास्त लागली, पण सगळे अहवाल आले. डॉक्टर तिच्या काउंटरशी येऊन म्हणाले, "चुकलं माझं. एक तारखेचं विसरा." पट्टी मी वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकली.

मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी पुस्तिका उघडा. आणि बिघाडाचं खापर एखादीच्या पायांवर फोडण्याआधी एकदा स्वतः कुलूप उघडून बघा.