टेकडीच्या फेरीचे भारमान

मित्रांनो, मी बोलतो आहे म्हणून दचकू नका. मी बस डेपोतला जुना संगणक. सध्या माझा मुक्काम भांडारघरात आहे. एका बाजूला फाटक्या सीटा, दुसऱ्या बाजूला टक्कल पडलेले टायर आणि मध्ये मी. भंगारवाला लवकरच येणार असे परवा शिपाई म्हणत होता, तेव्हा जे सांगायचे ते आत्ताच सांगून टाकतो. गोष्ट आनंदाची नाही. हसून खेळून सांगावी असे माझ्याकडे फार थोडे आहे.

मला जुळवले एका लांबच्या कारखान्यात, पण शहाणपण भरले ते मुख्य कचेरीत. कोणती गाडी किती फेऱ्या करते, किती तिकिटे फाटतात, डिझेल किती जळते, कोणती गाडी कुठे बंद पडते, हे सगळे माझ्यात भरायचे आणि मी ते दळून एका पानावर साहेबांना द्यायचे, असे माझे काम ठरले. माझ्या आधी हे सारे कागदावर चाले. महिन्याचा हिशेब जुळेपर्यंत पुढचा महिना अर्धा संपलेला असे. गाडी वाढवायची की कमी करायची हे ठरायचे अंदाजपंचे.

मला कार्यालयातल्या खिडकीजवळ बसवले. बाहेर गाडी मागे घेऊ लागली की खिडकीची तावदाने थरथरत आणि टेबलावरच्या चहाच्या कपातही लाटा उठत. पहिले काही दिवस लोक मला हात लावायला भीत. मग मी रोज सकाळी भारमानाचा तक्ता देऊ लागलो. गाडी किती भरून गेली त्याला आमच्याकडे भारमान म्हणतात. डेपोत या एका शब्दावर माणसांच्या बदल्या होत आणि गाड्यांचे नशीब ठरे.

तेव्हाचे थोरले साहेब माझा तक्ता खिशात घालून तडक फाटकापाशी जात. एकदा मी दाखवले की बाजाराची सकाळची फेरी रिकामी जाते आहे. त्यांनी ती बंद केली नाही. फाटकावर चार ड्रायव्हरांना विचारले, तेव्हा कळले की बाजार आता उशिरा भरतो. त्यांनी फेरी पुढे सरकवली आणि गाडी उभे राहायला जागा नाही इतकी भरू लागली. ते मला उद्देशून म्हणत, "हा गडी बोट दाखवतो. जाऊन बघायचं काम आपलं." कुणी पाहुणा आला की त्याला माझ्यापुढे आणून उभा करत. खोटे कशाला बोलू, तेव्हा मी फार फुगलो होतो.

माझ्यापुढे बसायची ती टायपिस्टबाई. टाइपरायटर केव्हाच मोडीत निघाला होता, पण नाव चिकटले ते चिकटले. तिची दहाही बोटे अशी चालत की बघणाऱ्याचे डोळे दमावे. आईवडील लवकर गेलेले. थोरल्या भावाने शिलाई मशीन चालवून तिला वाढवले, शिकवले. पुढे त्याचीच दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. तेव्हापासून त्याला आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. बहीणभाऊ टेकडीवरच्या वस्तीत राहत. टेकडीवरून रुग्णालयापाशी आणि पुढे डेपोत येणारी गाडी एकच. तिला सगळे टेकडीची फेरी म्हणत.

रुग्णालयातून सुटल्यावर कधीकधी हा भाऊ कार्यालयात येऊन बहिणीची वाट पाहत बसे. चेहरा पिवळट, हातावर सुयांचे फुगवटे, पण जीभ तिखट. मला पाहून एकदा म्हणाला, "दिवसभर याच्याच पुढ्यात असतेस. हे लेकरू तुझं, म्हणजे माझा भाचाच की." मग त्याने टेप काढून माझे माप घेतले आणि पुढच्या खेपेला माझ्यासाठी कापडी खोळ शिवून आणली, कोपऱ्यांना दुहेरी टाके घातलेली. साहेबांच्या खुर्चीलाही तसे कापड नव्हते. त्या दिवसापासून मीही त्यांना मनातल्या मनात मामा म्हणू लागलो.

थोरले साहेब निवृत्त झाले. नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. आवाज चढवत नसे, कुणाची रजा अडवत नसे. पण त्यांच्या डोक्यावर वरच्या साहेबांची टांगती तलवार होती. रोज फोन येई, तोटा कमी करा, तोटा कमी करा. ते दार लावून माझ्या तक्त्यात डोके घालून बसत. फाटकापर्यंत जायला त्यांना वेळ नव्हता आणि माझ्यावर त्यांचा विश्वास फार होता.

त्याच सुमारास मुख्य कचेरीतून एक इंजिनिअर आला. सकाळचा तक्ता उशिरा मिळतो अशी ओरड होती. त्याने टायपिस्टबाईच्या मागे उभे राहून तिचे काम पाहिले आणि म्हणाला, "चौकटी फार आहेत. ही पासवाल्यांची कशाला? यांच्याकडून उत्पन्न तर काही नाही." म्हातारी माणसे, अपंग, दीर्घ आजारी यांना फुकट पास असे. गाडीत पासवाले किती होते ते कंडक्टर लिहून देत आणि टायपिस्टबाई त्या चौकटीत भरत असे. इंजिनिअरने ती चौकट पडद्यावरून काढून टाकली. शिवाय माझ्यात एक नवा नियम घातला की तिकिटाचे भाडे शून्य दिसले तर ती टाइप करताना झालेली चूक समजावी आणि बाजूला काढावी. काम झटपट होऊ लागले. त्याची वाहवा झाली. चौकटच उरली नाही म्हणून कंडक्टरांनीही पासवाले लिहायचे सोडून दिले.

आता बघा काय झाले. टेकडीच्या गाडीत बसायचे कोण? रुग्णालयात जाणारे आजारी, काठी टेकणारे म्हातारे आणि त्यांना धरून नेणारे एखाददुसरे. जवळजवळ सगळे पासवर. टायपिस्टबाई स्वतः रोज त्याच गाडीने येई, पण कर्मचाऱ्याच्या पासवर. म्हणजे तीसुद्धा माझ्या लेखी नव्हती. गाडी दाटून यायची आणि माझ्या तक्त्यात रिकामी दिसायची. तोच तक्ता बाई रोज आपल्या हाताने छापून साहेबांच्या टेबलावर ठेवी.

एके सकाळी तक्त्यात टेकडीची फेरी तळाला लाल रंगात आली आणि बाईची बोटे थांबली. त्या फेरीचा कंडक्टर इतका उंच होता की गाडीत मान वाकवूनच उभा राही. सगळे त्याला जिराफ म्हणत आणि तोही ओ देई. तिने त्याला बोलावून पडदा दाखवला.

"रिकामी?" जिराफ म्हणाला. "अहो, काल मला हात वर करायला जागा नव्हती. तुमचे दादा इंजिनाच्या झाकणावर बसून आले."

"याच्यात ते कुठेच दिसत नाहीत. पुढच्या बैठकीत लाल फेऱ्या बंद करणार आहेत."

दोघांनी मिळून एक युक्ती काढली. जिराफाने पासवाले पुन्हा मोजायचे आणि बाईने त्यांची शून्य भाड्याची तिकिटे म्हणून नोंद करायची. माणसे तरी दिसतील. तिने मोठ्या आशेने ते आकडे माझ्यात भरले. आणि मी काय केले? मला शिकवले होते तेच. एकेक माणूस उचलला आणि चुकांच्या ढिगात टाकला. बैठकीआधीच्या तक्त्यात टेकडीच्या फेरीपुढे भारमान सर्वांत कमी तर होतेच, आता चुकाही सर्वांत जास्त झाल्या. करायला गेलो गणपती, झाला मारुती. जिराफाला निष्काळजीपणाबद्दल खुलासा द्यावा लागला.

मग बाई साहेबांकडे गेली. दार अर्धे उघडे होते, मला सगळे ऐकू येत होते.

"साहेब, गाडी भरलेली असते. मी रोज त्याच गाडीनं येते. माझा भाऊ डायलिसिसला त्याच गाडीनं जातो. ती बंद झाली तर त्याला दुसरं काही नाही हो."

"बाई, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही," साहेब म्हणाले. "पण वर काय दाखवू? तुमचा शब्द दाखवू? मला आकडा द्या."

"एकदा गाडीत बसून बघा ना साहेब."

"एकेका गाडीत बसत फिरलो तर डेपो कोण चालवणार? त्यासाठीच तर हे यंत्र घेतलंय." मग म्हणाले, "बरं, तपासनीस पाठवतो."

तपासनीस प्रामाणिक माणूस. तो टेकडीच्या फेरीत चढला, एकेकाचे तिकीट पाहिले, पास पाहिला आणि त्याच्या छापील कागदावर विचारले होते तेवढेच भरून दिले. विनातिकीट प्रवासी कुणी नाही. तिकिटे नोंदीप्रमाणे बरोबर. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बघा बाई, तपासनीसही म्हणतो आकडा बरोबर आहे."

मित्रांनो, मला तेव्हा ओरडावेसे वाटले. चौकट पडद्यावरून काढली होती, पण जुन्या वर्षांची सगळी माहिती माझ्या पोटात तशीच होती. टेकडीच्या फेरीत रोज किती पासवाले येत हे मी क्षणात सांगितले असते. कुणी विचारले पाहिजे ना! बाईने इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, "निघेल की जुना तक्ता. पण साहेबांच्या सहीचा अर्ज वर पाठवा." साहेबांनी सही केली, तीही न कुरकुरता. अर्ज वर गेला आणि वरच राहिला. बैठक मात्र ठरल्या दिवशी झाली. भिंतीवर माझ्या तक्त्याचे रंगीत पट्टे झळकले आणि सर्वांत आखूड लाल पट्टा पाहून कुणी काही विचारलेच नाही. टेकडीची फेरी बंद झाली. जुन्या तक्त्याला परवानगी नंतर आली. वरातीमागून घोडे. साहेबांनी निघालेला जुना तक्ता वाचला, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "आता सुरू करायची तर नवा प्रस्ताव पाठवावा लागेल." त्यांनी तो पाठवलाही. उत्तर आले की बंद फेरीला चालू भारमान नसल्याने विचार करता येत नाही.

आधी शेजारच्या माणसाने स्कूटरवरून मामांना नेले. मग त्याची कामाची पाळी बदलली. जिराफाने आपल्या सुटीच्या दिवशी मेहुण्याची गाडी मागून आणली. मामा टेकडी उतरून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जाऊ लागले, मध्येमध्ये दगडावर बसत. तीनदाचे दोनदा झाले, दोनदाचे एकदा. बाई टेबलावरून फोन करी तेव्हा मला त्यांचा आवाज ऐकू येई.

"दादा, आज गेलास ना?"

"उद्या जातो गं. रक्त तेच आहे, घाण काही पळून जात नाही."

"पाय सुजलेत का?"

"सुजलेत म्हणजे काय, बाळसं धरलंय. तू तुझं काम कर. भाचा काय म्हणतो?"

ती फोन ठेवून पुन्हा टाइप करू लागे. मी तिच्या बोटांखाली होतो आणि तिला एक शब्द सांगू शकत नव्हतो. माझ्या आयुष्यात मला कशाची चीड आली असेल तर या मुकेपणाची.

एक दिवस ती आली नाही. नंतरही बरेच दिवस आली नाही. जिराफ येऊन तिच्या रिकाम्या खुर्चीपाशी मान वाकवून उभा राहिला, तेव्हा मला कळले.

त्याच महिन्यात आमचा डेपो तोटा कमी करण्यात पहिला आला. वरून अभिनंदन आले, सगळ्यांना चहा मिळाला. साहेबांनी आपला कप घेतला नाही. त्यांचे काय चुकले हे त्यांनाही धड सांगता आले नसते. तिकिटे खरी होती, बेरीज खरी होती, तपासनीस खरा होता. सगळे खरे असून एक माणूस गेला. हे मी आजवर स्वतःलाही समजावू शकलेलो नाही.

बाई परतली तेव्हा तिला रजा माझ्यातच भरायची होती. जवळचे माणूस गेल्यास वेगळी रजा मिळते. तिने ती निवडली. मी नेहमीप्रमाणे विचारले, नाते कोणते? माझ्याकडे उत्तरे होती आई, वडील, पती, मूल. भाऊ नव्हता. तिने वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिले. मग मागे जाऊन साधी रजा निवडली आणि कारणाच्या जागी 'इतर' हे ठेवले. तिचे डोळे कोरडे होते. पुढे तिने बदली मागून घेतली. जाताना तिने माझा पडदा पुसला, एवढे मात्र आठवते.

पुढे नवी यंत्रे आली. माझ्यातले काढून त्यांच्यात भरताना फक्त कामाची माहिती घ्या असा हुकूम होता. पासवाल्यांची वर्षे कुणी घेतली नाहीत. ती माझ्यासोबत इथे अंधारात आहेत आणि माझ्यासोबतच भंगारात जातील.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातला कुणी साहेब होईल, कुणी इंजिनिअर होईल, आणि तुमच्यापुढे माझ्यापेक्षा कितीतरी हुशार यंत्र असेल. त्याची काळजी घ्या, त्याचे ऐका, त्याचा आकडा नीट वाचा. पण निर्णयाची सही करण्याआधी एकदा विचारा की यात कोण धरलेले नाही. यंत्र आपणहून ते कधीच सांगणार नाही. मग उठा आणि फाटकापर्यंत जाऊन या.

माझ्यात लाखो तिकिटे आहेत, गाड्यांचे नंबर आहेत, बदललेल्या टायरांच्या तारखा आहेत. मामा प्रवासी म्हणून माझ्यात नाहीत, कारण त्यांच्याकडे पास होता. बाईचे कुणी गेले म्हणूनही नाहीत, कारण ते भाऊ होते. म्हणून त्यांची नोंद आज तुमच्याकडे करतो आहे. ते शिंपी होते, आणि त्यांना आठवड्यातून तीनदा एका गाडीची गरज होती.