प्रकाशाच्या जाळीतले रेणू

अकोल्याच्या जठारपेठेत अब्दुल गफ्फार यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. कापूस वर्षामागून वर्ष बुडत गेला, तशा दुकानात शेतकऱ्यांच्या मोटारी येईनाशा झाल्या. त्यांची मुलगी जेबा तेव्हा अमरावतीला भौतिकशास्त्रात पीएचडी करत होती. तिनं आता शाळेत नोकरी धरावी, असं नातेवाईक म्हणू लागले. अब्दुल गफ्फार यांनी ते तिच्या कानावरही जाऊ दिलं नाही.

जेबाचं काम विलक्षण होतं. कल्पनेपलीकडे थंड केलेले रेणू लेझरच्या उभ्या-आडव्या किरणांत धरून ठेवतात. किरणांची जाळी होते, जाळीला खळगे असतात, एकेका खळग्यात एकेक रेणू. दोन रेणू एकाच खळग्यात आले की रासायनिक क्रिया होते आणि दोघंही नाहीसे होतात. नवल असं, की ही क्रिया जितकी तीव्र, तितकं त्यांचं शेजाऱ्याच्या खळग्यात शिरणंच कमी होतं. रेणू किती वेगानं नाहीसे होतील, हे जेबा गणितानं काढत होती.

परदेशातल्या प्रयोगशाळेनं मोजलं, तर रेणू तिच्या उत्तरापेक्षा फार लवकर संपत होते. तिचे मार्गदर्शक नागसेन सर म्हणाले, ‘‘एक आकडा थोडा बदलून पाह्य. जुळून जाईल.’’

‘‘जुळंल, सर. पण काहून जुळलं, ते आपल्याले समजणार नाही.’’

सरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

रेणू खळग्यात सगळ्यात खालच्या ऊर्जापातळीवरच राहतात, असं सगळे धरून चालत. जवळ आल्यावर ते वरच्या पातळ्यांवरही पसरत असतील, असं जेबाला वाटलं. त्या पातळ्या धरल्यावर गणित अवाढव्य झालं. उन्हाळाभर कॉलेजचे संगणक तिला मिळाले, पण भारनियमनानं दर दुपारी काम तुटायचं. तिनं प्रोग्राम असा लिहिला, की वीज आल्यावर गणित थांबलं तिथूनच पुढे चालावं.

पावसाळ्यात उत्तर आलं. एकही आकडा न बदलता ते मोजमापाशी जुळलं. पुढे प्रयोगशाळेनं जाळी आणखी खोल करून मोजलं. तेही जेबानं आधीच सांगितल्याप्रमाणे निघालं.

ही बातमी सांगायला नागसेन सर स्वतः जेबाबरोबर अकोल्याला गेले. अब्दुल गफ्फार यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

‘‘म्हणजे पोरीचं बरोबर होतं?’’

‘‘तिचंच बरोबर होतं. मले सुचलं नव्हतं.’’

अब्दुल गफ्फार यांनी तेलकट हात पुसले आणि सरांचा हात बराच वेळ धरून ठेवला. जेबा मात्र सरांना विचारत होती, वेगवेगळ्या खळग्यांत बसलेले रेणू लांबूनच एकमेकांना ओढत असतील, तर ते गणितात कसं घ्यायचं.